प्रमाणपत्रानंतरचे अंतर

चेन्नईहून बंगळूरुकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे चाळीस किलोमीटर गेल्यावर श्रीपेरुंबुदूरचा औद्योगिक पट्टा लागतो. मोटारी, मोबाइल फोन आणि त्यांचे सुटे भाग तयार करणारे कारखाने येथे दाटीने उभे आहेत. याच पट्ट्यातील वल्लम वडगल येथे ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी एका वसतिगृह संकुलाचे उद्घाटन केले. राज्याच्या ‘सिपकॉट’ या औद्योगिक महामंडळाने सुमारे ७०६ कोटी रुपये खर्चून ते उभारले असून त्यात १८,७२० महिला कामगारांची राहण्याची सोय आहे. आयफोनची जुळणी करणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीतील तरुणींसाठी मुख्यतः ही व्यवस्था आहे. या घटनेची चर्चा गुंतवणूक आणि गृहनिर्माण या अंगांनी झाली. कौशल्यविकासाशी तिचा संबंध क्वचितच जोडला गेला. वस्तुतः प्रशिक्षण आणि रोजगार यांतील दरी कशी बुजवावी, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर या इमारतींमध्ये आहे.

गेली दीड दशके आपण ही दरी वर्गखोलीत शोधत आहोत. २००९च्या राष्ट्रीय कौशल्यविकास धोरणाने २०२२पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करण्याचे लक्ष्य ठेवले. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. लक्ष्य माणसे मोजण्याचे असल्याने यंत्रणाही माणसे मोजू लागली. किती जण दाखल झाले, किती जणांना प्रमाणपत्र मिळाले, यांचे तक्ते भरू लागले. या योजनेवरील ‘कॅग’च्या २०२५च्या अहवालाने त्या तक्त्यांमागचे चित्र दाखवले. अल्पकालीन प्रशिक्षणानंतर प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांनाच काम मिळाल्याची नोंद होती. तपासलेल्या नोंदींपैकी ९४ टक्क्यांहून अधिक ठिकाणी लाभार्थ्याच्या बँक खात्याचा रकाना रिकामा किंवा निरर्थक होता. ज्याचे खातेच ठाऊक नाही, त्याच्या हाती वेतन पडले की नाही, हे शासन कसे सांगणार?

केवळ अभ्यासक्रम सुधारल्याने, कंपन्यांना थेट सहभागी करून घेतल्याने हा प्रश्न सुटेल काय? पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा अनुभव तसे सांगत नाही. देशातील आघाडीच्या ५०० कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना वर्षभराचा अनुभव देण्याची ही कल्पना २०२४च्या अर्थसंकल्पात मांडली गेली. मासिक साह्य ५,००० रुपये ठरले. पहिल्या फेरीत ८२ हजारांहून अधिक संधी उमेदवारांसमोर ठेवल्या गेल्या; प्रत्यक्ष रुजू झाले सुमारे ८,७००. कामाचे ठिकाण दूर असणे, हे संसदेत दिल्या गेलेल्या कारणांपैकी प्रमुख होते. परजिल्ह्यातून आलेल्या तरुणाने पाच हजारांत औद्योगिक शहरातील खोलीभाडे, खाणावळ आणि प्रवास यांचा मेळ कसा घालावा, याचा हिशेब योजनेत नव्हता. उमेदवारांनी तो घरी बसून केला आणि ते आले नाहीत. त्यांना आळशी ठरवणे सोपे आहे. परंतु त्यांचे गणित चुकले नव्हते.

चेन्नईच्या परिसरात हा हिशेब आधी मांडला गेला, तो दूरदृष्टीने नव्हे, तर असंतोषामुळे. डिसेंबर २०२१ मध्ये फॉक्सकॉनच्या महिला कामगार राहत असलेल्या एका खासगी वसतिगृहात अन्नातून विषबाधा झाली. दीडशेहून अधिक जणींना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांच्या सहकारी महामार्गावर उतरल्या, कारखाना काही आठवडे बंद राहिला आणि दाटीवाटीच्या खोल्यांची, निकृष्ट जेवणाची चर्चा जगभर पोहोचली. या तरुणींना काम येत होते आणि कामही मिळाले होते. नव्हती ती माणसासारखे राहण्याची जागा. वसतिगृह उभारणीला खरी निकड लाभली ती या घटनेनंतर.

अर्थात, निव्वळ निवाऱ्याने हे साधले नाही. देशातील कारखान्यांत काम करणाऱ्या महिलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक एकट्या तमिळनाडूत आहेत. मुलींचे शिक्षण, गावोगावची बससेवा आणि उद्योगांचे जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेले जाळे यांचा हा परिपाक आहे. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘नान मुदलवन’, म्हणजे ‘मीच पहिला’, या योजनेने कौशल्याचे अभ्यासक्रम महाविद्यालयीन शिक्षणातच श्रेयांकांसह गुंफले. पदवी हाती आल्यानंतर तीन महिन्यांचा वेगळा वर्ग लावण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा आहे. ७१ शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे आधुनिकीकरण सुमारे २,८७७ कोटी रुपये खर्चून टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने हाती घेतले गेले. त्यातील मोठा भार कंपनी व तिच्या भागीदारांनी उचलला आहे.

तरीही या पट्ट्याचा इतिहास सावध करणारा आहे. याच श्रीपेरुंबुदूरमध्ये नोकियाचा भव्य कारखाना १ नोव्हेंबर २०१४ रोजी बंद पडला आणि हजारो तरुण कामगार एकाएकी रिकामे झाले. फोनच्या जुळणीतील एकच क्रिया वेगाने करण्याचे त्यांचे कसब दुसऱ्या दारात फारसे उपयोगी नव्हते. कंपनीच्या आजच्या गरजेपुरते प्रशिक्षण नोकरी लवकर मिळवून देते, पण ती नोकरी गेली की माणूस पुन्हा अकुशल ठरतो. विवाहित महिलांना आयफोनच्या जुळणीच्या कामावर घेतले जात नसल्याचे वृत्त ‘रॉयटर्स’ने जून २०२४ मध्ये दिले, तेव्हा कंपनीने भेदभावाचा इन्कार केला आणि केंद्र सरकारने राज्याकडे अहवाल मागितला. वसतिगृहातील खाट जर फक्त विशी-पंचविशीतील अविवाहित मुलीसाठीच असेल, तर आपण रोजगार देत आहोत की तारुण्यातील चार वर्षे भाड्याने घेत आहोत, हे विचारावे लागेल.

महाराष्ट्राने हा प्रश्न दुसऱ्या बाजूने अनुभवला आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार ६ ते १० हजार रुपये विद्यावेतन देण्यात आले. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांवर गेली. त्यानंतर कायम सामावून घेण्याच्या मागणीसाठी प्रशिक्षणार्थी रस्त्यावर आले. तेथे नोकरी होती आणि राहण्याजोगी परिस्थिती नव्हती. येथे विद्यावेतन होते आणि पुढे नोकरी नव्हती. दोन्हीकडे साखळीची एक कडी निसटली.

मग करावे काय? पहिली गोष्ट, प्रशिक्षण संस्थांना द्यायच्या रकमेचा मोठा हिस्सा उमेदवार नोकरीत बारा महिने टिकल्यावरच द्यावा आणि त्याची खातरजमा भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींवरून करावी. असंघटित क्षेत्रातील कामासाठी बँकेत जमा झालेल्या वेतनाचा पुरावा चालेल. मात्र दिव्यांग आणि दुर्गम भागातील उमेदवारांसाठी दर अधिक हवा. अन्यथा संस्था सहज खपणारेच विद्यार्थी निवडतील. दुसरी, कौशल्यविकासाच्या अर्थसंकल्पात वसतिगृह आणि प्रवास यांना स्वतंत्र तरतूद हवी. चाकण-रांजणगावला मराठवाडा व विदर्भातून येणाऱ्या मुलामुलींना याची गरज श्रीपेरुंबुदूरइतकीच आहे. तिसरी, १९६१चा शिकाऊ उमेदवारी कायदा मनावर घ्यावा. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. परंतु त्यांना स्वस्त मजूर म्हणून एकाच यंत्रापुढे उभे न करता संपूर्ण व्यवसाय शिकवला जातो काय, याची तपासणी व्हायला हवी.

२०२३-२४च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार देशातील १५ ते २९ वयोगटातील अवघ्या ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक व्यावसायिक प्रशिक्षण घेतले होते. हा आकडा वाढलाच पाहिजे. पण तो वाढवण्याच्या घाईत प्रमाणपत्रांचे आणखी गठ्ठे छापले, तर दरी तेवढीच राहील. तमिळनाडूतील एखाद्या खेड्यातून श्रीपेरुंबुदूरला निघालेल्या मुलीला तीन गोष्टींची खात्री हवी असते: रात्री निर्धास्त झोपता येईल, महिनाअखेर घरी पैसे पाठवता येतील आणि हा कारखाना उद्या बंद पडला तरी शिकलेले काम दुसरीकडे चालेल. पहिल्या खात्रीला १८,७२० खाटांचे उत्तर मिळाले आहे. उरलेल्या दोहोंवर तिचा प्रवास टिकणार की नाही, हे ठरेल.