प्रलेखन-बांधणीचे कालमापन

प्रलेखन-बांधणीचे कालमापन : संगणकीय आज्ञावलीची माहिती देणारी पाने यंत्राकरवी तयार होत असताना कोणत्या मूळ फाइलीवर किती वेळ खर्च होतो, हे मोजण्याची पद्धत. आज्ञावलीचे घटक, तिचा वापर व तिच्यात झालेले बदल यांचे लेखी विवरण म्हणजे प्रलेखन होय. ते साध्या मजकुराच्या अनेक फाइलींत लिहिलेले असते. या फाइलींपासून परस्परसंदर्भ व सूची यांसह वाचनीय पाने बनविण्याच्या क्रियेस बांधणी म्हणतात. बांधणी मंदावली की, लेखकास आपली दुरुस्ती लगेच पाहता येत नाही; किरकोळ चुका तशाच राहू लागतात आणि कालांतराने विवरण व प्रत्यक्ष आज्ञावली यांत तफावत पडते. म्हणून विलंबाचे नेमके स्थान शोधणे महत्त्वाचे ठरते.

हे स्थान केवळ अंदाजाने सापडत नाही. डॉनल्ड क्नूथ यांनी १९७१ मध्ये फोर्ट्रान भाषेतील आज्ञावल्यांची पाहणी करून असे दाखविले की, आज्ञावलीचा ४ टक्क्यांहून कमी भाग सामान्यतः निम्म्याहून अधिक वेळ घेतो. प्रलेखनातही मोठी फाईल मंद असतेच असे नाही. चार ओळींची फाईलही पुष्कळ वेळ घेऊ शकते.

पद्धत : गेओर्ग ब्रांड्ल यांनी पायथन भाषेच्या प्रलेखनासाठी तयार केलेली स्फिंक्स ही प्रणाली २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या बांधणीत वाचन, सुसंगती-तपासणी, संदर्भ-निश्चिती व लेखन हे प्रमुख टप्पे असतात. वाचनात मजकुराचे वृक्षाकार रचनेत रूपांतर करून ती साठविली जाते. प्रणालीच्या २.४ या आवृत्तीत (२०२०) कालमापनाची जोड समाविष्ट झाली. ती प्रत्येक फाइलीच्या वाचनाचा वेळ नोंदते व नेहमीच्या मांडणीत शेवटी सर्वांत मंद ५ फाइली दर्शविते.

दक्षता : न बदललेल्या फाइली पुन्हा वाचल्या जात नाहीत, त्यामुळे सर्व फाइलींची तुलना करावयाची असल्यास आधीचा साठा काढून टाकावा लागतो. या मापनात लेखनाचा वेळ धरलेला नसतो. उदा., ग्राफविझच्या साहाय्याने काढलेल्या आकृत्या लेखनाच्या टप्प्यात तयार होत असल्याने त्यांचा विलंब यादीत उमटत नाही. तसेच विवरण थेट आज्ञावलीतून घ्यावयाचे असल्यास वाचनाच्या वेळी तिचा संबंधित विभाग स्मृतीत आणला जातो. हे काम एकदाच होत असल्याने त्याचा सर्व भार प्रथम वाचल्या जाणाऱ्या फाइलीवर पडतो. ती फाईल वगळून पुन्हा मोजले असता भार दुसऱ्या फाइलीवर सरकला, तर दोष फाइलीचा नसून त्या विभागाचा आहे, असे समजावे.

सुधारणेची मर्यादा : जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये समांतर प्रक्रियेसंबंधी मांडलेला विचार येथेही लागू पडतो. १०० सेकंदांच्या बांधणीत एका फाइलीस ४० सेकंद लागत असतील, तर तिचा वेळ निम्मा केल्यास एकूण वेळ ८० सेकंद होतो. ती पूर्णपणे वगळली तरी तो ६० सेकंदांखाली जात नाही. त्यामुळे प्रत्येक सुधारणेनंतर पुन्हा मापन करणे इष्ट असते. कारण एक अडथळा दूर होताच मंद फाइलींचा क्रम बदलतो.