सही एकाची, हात दुसऱ्याचा

इंग्लंड आणि वेल्समध्ये घरातली वायरिंग इमारत नियमांच्या कक्षेत आली ती 1 जानेवारी 2005 रोजी. त्याआधी कोणीही पक्कड-टेस्टर घेऊन भिंत फोडावी, केबल ओढावी आणि पैसे घेऊन निघून जावे, त्याला कायद्याची आडकाठी नव्हती. वायरिंगचे नियम नव्हते असे मात्र नाही. विजेच्या दिव्यांनी आगी लागू नयेत म्हणून लंडनच्या तार अभियंत्यांच्या संस्थेने पहिली नियमावली 1882 साली केली होती. तिचाच वंशज असलेले बीएस 7671 हे मानक प्रत्येक चांगल्या इलेक्ट्रिशियनच्या गाडीत असायचे. 1956 पासून एनआयसीईआयसी ही संस्था कंत्राटदारांची तपासणी करून नोंदणीही करत होती. फक्त हे सगळे ऐच्छिक होते. इमारत नियमांतल्या ‘भाग पी’ या नव्या कलमाने सक्ती आणली आणि सक्तीबरोबर एक सवलतही दिली: मान्यताप्राप्त ‘सक्षम व्यक्ती योजने’त नोंदलेल्या व्यावसायिकाने आपल्या कामाचा दाखला आपणच द्यावा, स्थानिक कौन्सिलचा निरीक्षक बोलावायची गरज नाही. वीस वर्षांनी मागे वळून पाहताना मला वाटते की ही सवलत देणे योग्यच होते. गफलत झाली ती सक्षमता कोणाच्या नावावर लिहायची, या प्रश्नात. योजनेच्या नावात ‘व्यक्ती’ आहे आणि नोंदणी मात्र होते धंद्याची, फर्मची. पुढच्या बहुतेक दुरुस्त्या या एका विसंगतीभोवतीच घोटाळत राहिल्या आहेत.

सवलत योग्य का, ते आधी पाहू. कौन्सिलच्या इमारत नियंत्रण विभागातला माणूस पाया, तुळई, जिना, निचरा पाहण्यात तयार असतो. अर्थ फॉल्ट लूपचा रोध मोजायला लागणारे उपकरण आणि सराव त्याच्याकडे असेलच असे नाही. प्रत्येक नव्या सर्किटसाठी त्याला बोलावायचे ठरवले असते, तर एकतर कामे तुंबली असती किंवा पाहणी नावापुरती झाली असती. 2002 साली खिडक्यांच्या काचा बदलणाऱ्यांसाठी फेन्सा ही योजना सुरू झाली होती, तोच साचा विजेला लावला गेला. नोंदणीकृत माणूस काम संपल्यापासून 30 दिवसांत योजनेमार्फत कौन्सिलला कळवतो आणि घरमालकाला अनुपालनाचा दाखला मिळतो. पुढे घर विकताना वकील नेमका हाच कागद मागतो. तिकडे स्थायिक होऊन घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही तो ओळखीचा आहे. योजनेत नसलेल्याने आधी कौन्सिलला नोटीस द्यायची आणि शुल्क भरायचे. ते शुल्क अनेक ठिकाणी शंभर-दोनशे पौंडांच्या पुढे जाते, तर योजनेच्या सभासदाला तीच नोंद काही पौंडांत पडते. एवढ्या फरकापुढे कोणता धंदेवाईक बाहेर राहील? माणसे योजनेत आणण्याचे काम कायद्याच्या धाकापेक्षा या हिशेबाने जास्त केले असावे.

आता आत शिरायचा रस्ता पाहू. फर्म अर्ज करते. तिच्याकडे बीएस 7671 ची चालू प्रत, जोखमीचा विमा आणि अचूकता तपासून घेतलेली चाचणी उपकरणे असावी लागतात. फर्ममधल्या एकाला ‘पात्र पर्यवेक्षक’ म्हणून पुढे केले जाते. योजनेचा परीक्षक येतो, प्रत्यक्ष केलेले एखादे काम पाहतो, प्रश्न विचारतो, चाचण्या करून दाखवायला लावतो. ही भेट ठराविक काळाने पुन्हा होते. एकट्याने काम करणाऱ्याच्या बाबतीत मालक, पर्यवेक्षक आणि कामगार एकच असल्याने ही रचना चपखल बसते. फर्ममध्ये दहा माणसे असली की चित्र बदलते. परीक्षा एकाची झालेली असते, भिंतीत केबल ओढणारे नऊ वेगळेच असतात. सुरुवातीच्या काळात चार-पाच दिवसांच्या अभ्यासक्रमांचे पेव फुटले. प्लंबर, स्वयंपाकघर बसवणारे अशांना मर्यादित कामासाठी पात्र ठरवणाऱ्या तरतुदीही होत्या. चार वर्षे शिकाऊ म्हणून राबलेल्या इलेक्ट्रिशियनांना याचा संताप येणे साहजिक होते. ‘पाच दिवसांचे पंडित’ अशा अर्थाची कुत्सित विशेषणे धंद्यात तेव्हापासून रुळली.

हा केवळ धंद्यातला हेवा आहे, असे म्हणून सोडून देता येत नाही. ब्रिटिश घरांतली सॉकेट बहुधा वर्तुळाकार सर्किटवर असतात. फ्यूज बॉक्सच्या 32 अँपिअरच्या ब्रेकरपासून निघालेली अडीच चौरस मिलिमीटरची केबल एकेका सॉकेटला शिवत पुन्हा त्याच ब्रेकरपाशी परत येते. भार दोन बाजूंनी वाटला जातो, म्हणून तेवढी बारीक केबल चालते. समजा, कोणी नवे सॉकेट बसवताना एका सॉकेटमागची तार नीट आवळली नाही आणि ती सुटली. घरात काय दिसेल? काहीच नाही. किटली तापेल, वॉशिंग मशीन फिरेल, कारण प्रत्येक सॉकेटला दुसऱ्या बाजूने वीज मिळतेच आहे. फक्त आता सगळा भार एकाच बाजूच्या केबलवर येऊ शकतो आणि 32 अँपिअरचा ब्रेकर तिला वाचवायला पुरेसा नसतो. हा दोष सापडतो तो वीज बंद करून, फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तिन्ही तारांची टोके सोडवून प्रत्येकीचा रोध टोकापासून टोकापर्यंत मोजला, मग तारा उलटसुलट जोडून सॉकेटगणिक पुन्हा मोजला, तरच. ही चाचणी कंटाळवाणी आहे आणि संध्याकाळी साडेपाचला तीच गाळली जाते. तक्त्यात आकडे मात्र भरता येतात, कारण साधारण किती यायला हवेत हे सवयीने माहीत झालेले असते. कचेरीत बसलेल्या पर्यवेक्षकाला खरा आकडा आणि बसवलेला आकडा यांतला फरक कसा कळावा?

संसदेच्या समुदाय आणि स्थानिक शासन समितीने 2012 मध्ये या सगळ्या व्यवस्थेची चौकशी केली आणि 2014 मध्ये तिने पर्यवेक्षकाच्या पद्धतीवरच बोट ठेवले. काम करणारा प्रत्येक जण स्वतः सक्षम असला पाहिजे, असा तिचा रोख होता. त्याच 2014 मध्ये निरनिराळ्या योजनांच्या याद्या एकत्र करून ग्राहकांसाठी एक सामाईक नोंदवही सुरू झाली. सोय झाली खरी, पण तीही फर्मचीच. दरम्यान एप्रिल 2013 मध्ये इंग्लंडने कळवण्याजोग्या कामांची यादी आखडली. नवे सर्किट, फ्यूज बॉक्स बदलणे आणि न्हाणीघरातल्या नळ-शॉवरजवळची कामे एवढीच उरली, स्वयंपाकघर आणि बागेतली किरकोळ कामे गळाली. वेल्सने जुनी यादी तशीच ठेवली. कागदपत्रांचा खर्च वाचवावा हे कारण खोटे नव्हते, पण स्वयंपाकघर वगळणे मला पटत नाही. ‘भाग पी’ लागू होण्याच्या काही महिने आधी, 2004 मध्ये, एका खासदाराच्या मुलीचा स्वतःच्या स्वयंपाकघरात शॉक लागून मृत्यू झाला होता. केबल भिंतीतून सरळ उभी किंवा आडवी न नेता तिरकी नेलेली होती आणि धातूचा रॅक लावताना स्क्रू तिच्यात गेला. रॅक लावणाऱ्याने तिथे केबल असेल असे गृहीत धरायचे काहीच कारण नव्हते. सुरक्षिततेची मूळ अट न कळवाव्या लागणाऱ्या कामालाही लागू आहे, हा सरकारचा युक्तिवाद कायद्याने बरोबर आहे. ज्याची नोंदच होत नाही, त्याची अट पाळली की नाही हे कोण पाहणार, एवढेच त्याला उत्तर.

फर्मच्या नोंदणीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा जबाबदारीचा आहे. विमा फर्मकडे असतो, काम फसले तर दुरुस्त करून देण्याचे बंधन फर्मवर असते, कामगार आज इथे तर उद्या तिथे. हे सगळे मान्य. पण फर्म आणि व्यक्ती यांतून एकच निवडायचे, असे बंधन कोणी घातले आहे? गॅसच्या क्षेत्रात दोन्ही होतात. 2009 साली कॉर्गी या जुन्या नोंदणीच्या जागी आलेल्या गॅस सेफ नोंदवहीत धंदाही असतो आणि प्रत्येक कारागीरही. त्याच्या खिशात छायाचित्र असलेले ओळखपत्र असते आणि कार्डाच्या मागच्या बाजूला त्याला कोणकोणती कामे करायची मुभा आहे ते लिहिलेले असते. स्कॉटलंडमध्ये ‘भाग पी’ नाहीच. तिथल्या व्यवस्थेत दाखला देणारा प्रमाणक ही नाव असलेली, पात्रता तपासलेली व्यक्ती असते आणि ती मान्यताप्राप्त संस्थेत नोकरीला असावी लागते. गॅसची गळती शेजारच्यांनाही उडवते, विजेचा दोष घरापुरता, असे म्हणून गॅसचे उदाहरण उडवून लावणारेही भेटतात. एका भिंतीला दोन बिऱ्हाडे असलेल्या घरांच्या देशात हे म्हणणे फार टिकत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि मनुष्यबळाचा. इलेक्ट्रिशियन आधीच कमी, त्यात प्रत्येकाची परीक्षा घ्यायची म्हणजे दर वाढणार आणि लोक नोंदणी नसलेल्या स्वस्त माणसाकडे वळणार. यात तथ्य आहे, म्हणूनच हे एका रात्रीत करा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तरी गेल्या काही वर्षांत मागणी त्याच दिशेने ढकलली गेली आहे. 2020 च्या नियमांनी इंग्लंडमधल्या खासगी घरमालकांना भाड्याच्या घरातली वायरिंग दर पाच वर्षांनी तपासून घेणे बंधनकारक केले आणि ती तपासणारी व्यक्ती ‘पात्र आणि सक्षम’ असावी असे म्हटले. इथे नियम व्यक्तीकडे बोट दाखवतो. 2021 पासून योजनांमध्ये नव्याने येणाऱ्या पर्यवेक्षकांना तिसऱ्या पातळीची पूर्ण व्यावसायिक पात्रता लागू लागली, म्हणजे जुन्या छोट्या अभ्यासक्रमांची वाट बरीच अरुंद झाली. पर्यवेक्षकाच्या हाताखालचे मात्र अजून त्याच्या सावलीतच आहेत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अडचणीचा वाटतो आणि तो आपल्याकडच्या अनुभवातून येतो. भारतात परवाना व्यक्तीचाही आहे. 1956 च्या भारतीय वीज नियमांतल्या 45व्या नियमाने दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडून बाकीचे काम परवानाधारक कंत्राटदाराने, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्याच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनच्या हातून व्हावे असे सांगितले होते. महाराष्ट्रात नवे कनेक्शन घेताना आजही परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्या रिपोर्टवरचा परवाना आणि भिंतीतल्या जोडाला लागलेला हात एकाच माणसाचे असतात, असे छातीठोकपणे सांगणारा विरळा. मग व्यक्तीच्या नोंदणीने काय साधले? आपल्याकडे व्यक्तीचा परवाना आहे, पण केलेले काम जागेवर जाऊन पाहणारा परीक्षक ठराविक काळाने येत नाही. इंग्लंडमध्ये परीक्षक येतो, पण तो फर्मने दाखवलेले काम आणि फर्मने पुढे केलेला माणूस पाहतो. दोन्हीकडे अर्धेच यंत्र बसवलेले आहे. इंग्लंडला उरलेला अर्धा भाग जोडणे तुलनेने सोपे आहे. नव्या कामाच्या दाखल्याच्या मोठ्या नमुन्यात आराखडा करणारा, काम करणारा आणि तपासणी करणारा अशा तीन वेगळ्या सह्यांची जागा आधीपासूनच आहे. तिसऱ्या सहीचे नाव कौन्सिलला जाणाऱ्या नोंदीत उतरवावे आणि परीक्षकाने पुढच्या भेटीत फर्मने निवडलेल्या कामाऐवजी त्या नावांतून एक चिठ्ठी उचलावी. त्या कारागिराने वर्षभरात कळवलेले कोणतेही एक घर उघडून तिथल्या वर्तुळाकार सर्किटची टोके पुन्हा मोजावीत आणि तक्त्यातल्या आकड्यांशी ताडून पाहावीत.