प्रायॉरिटी बदलली, डेडलाइन तीच!

हिंजवडीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर दहा मिनिटं उभे राहा, एक डायलॉग हमखास कानावर पडतो : 'ते राहू दे रे, आधी हे कर.' सोमवारी 'हे' वेगळं असतं, गुरुवारी वेगळं. डेडलाइन मात्र महिनाअखेरचीच!

माझी एक मैत्रीण तिथे आठ जणांची टीम सांभाळते. मध्यंतरी क्लायंटने कामाचा क्रमच उलटा केला. वरच्यांनी तत्परतेने आणखी चार माणसं दिली. 'मग मजा आहे की तुझी!' मी म्हटलं. 'डोंबल! माझी जुनी पोरं आठवडाभर नव्यांना शिकवतायत. कोड कोण लिहिणार?' त्यातल्या दोघांनी तर बाहेर इंटरव्ह्यू द्यायला सुरुवात केली होती.

हे दुखणं जुनंच आहे. १९६०च्या दशकात आयबीएमच्या ओएस/३६०चं काम सांभाळणाऱ्या फ्रेडरिक ब्रुक्सने ते १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात मांडलं. रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली, की तो आणखी रखडतो. गणित सोपं आहे. आठ जणांत एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या होतात २८. बारा जणांत ६६! म्हणजे माणसं दीडपट आणि मीटिंगा दुपटीहून जास्त.

मैत्रिणीने मग एक केलं. शिल्लक कामं एका कागदावर उतरवली, प्रत्येकापुढे लागणारे दिवस लिहिले आणि बॉससमोर ठेवली. 'सर, हे नवं वर घेते. यातलं कुठलं काढू?' बॉस कुरकुरला. पण कागदावरचे दिवस काही हलेनात. शेवटी रिपोर्ट्सचं काम पुढच्या रिलीजला ढकललं. नव्या चौघांपैकी दोघांना तिने टेस्टिंगला लावलं, दोघांना परत पाठवलं.

हल्ली 'आम्ही अजाइल आहोत' असं सगळेच छाती काढून सांगतात. त्यातले निम्मे तरी त्याचा अर्थ 'कधीही काहीही बदला' असाच घेतात, असं माझं प्रामाणिक मत. वास्तविक स्क्रममध्ये स्प्रिंट फार तर महिन्याचा असतो आणि त्याच्या ध्येयाला धक्का लागेल असा बदल मध्येच करायचा नसतो. कामांची यादी बदलायला मोकळीक आहे, पण ती पुढच्या स्प्रिंटसाठी.

डेडलाइन तिने गाठली, चार दिवस उशिराने. इंटरव्ह्यू देणाऱ्या दोघांपैकी एक थांबला, दुसरा गेला. त्याच्या जागी सोमवारी नवा मुलगा येतोय. त्याला शिकवायला कोणाला मोकळं करायचं, यावर सध्या मेलामेली सुरू आहे.