शाईपुरते प्लॅस्टिक

घरच्या प्रिंटरची संपलेली कार्ट्रिज उघडून पाहिली, तर शाईची जागा किती थोडी होती ते दिसते. जाड कवच, त्यावर चिकटवलेले झाकण, आत स्पंज, खाली छपाईचे हेड, बाजूला विजेच्या जोडणीची पट्टी. काही मिलीलिटर शाई कागदावर उतरली आणि बाकी सगळे जसेच्या तसे कचऱ्यात गेले.

एवढ्या प्लॅस्टिकमागे कारण होते. एचपी कंपनीने १९८४ साली थिंकजेट हा प्रिंटर आणला, त्यात हेड आणि शाई एकाच डबीत होती. केसाएवढी बारीक छिद्रे शाई वाळून तुंबतात. शाई संपताच हेडही बदलले की दुरुस्तीचा प्रश्नच मिटतो. शिवाय डबीला आणखी एक नाजूक काम होते. छिद्रांतून शाई आपोआप गळू नये म्हणून आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी ठेवावा लागतो. स्पंज ते काम करतो, कारण तो शाई धरून ठेवतो. पण धरलेली सगळी शाई तो सोडत नाही आणि बरीच जागाही अडवतो.

यावरचा एक उपाय फार देखणा होता. एचपीच्या ४५ क्रमांकाच्या कार्ट्रिजमध्ये स्पंजऐवजी पातळ पडद्यांची पिशवी होती आणि तिला आतून ताणून धरणारी स्प्रिंग होती. शाई कमी होत जाई तशी पिशवी मिटत जाई. स्प्रिंग तिला पूर्ण मिटू देत नसे, म्हणून दाब योग्य राही. त्यात ४२ मिलीलिटर शाई मावत असे. याच घडणीच्या कार्ट्रिज आजही कारखान्यांत वेष्टनांवर तारीख आणि किंमत छापायला वापरल्या जातात. म्हणजे शाई धरायला पिशवी पुरते, हे त्या डबीच्या पोटातच सिद्ध झाले होते. बाहेरचे कवच होते ते हेडसाठी आणि यंत्रात नीट बसण्यासाठी.

मग हेड यंत्रातच कायमचे ठेवले आणि शाई नळीने आणली, तर कवच कशाला? द्रव पिशवीत आणि पिशवी खोक्यात, ही रचना जुनी आहे. अमेरिकेत विल्यम शोल यांनी १९५५ साली बॅटरीचे आम्ल सुरक्षित नेण्यासाठी ती वापरात आणली. ताकद खोक्याने द्यायची आणि द्रव पिशवीने सांभाळायचा, अशी त्यात कामाची वाटणी होती.

शाईच्या बाबतीत मात्र पिशवी साधी असून चालत नाही. पिएझो जातीच्या हेडमध्ये विजेच्या इशाऱ्यावर एक सूक्ष्म स्फटिक आकार बदलतो आणि शाईला धक्का देतो. शाईत हवेचा बुडबुडा असला तर तो धक्का बुडबुड्यातच जिरतो, थेंब उडत नाही आणि छापलेल्या चित्रात पांढरी रेघ उमटते. म्हणून शाईतली विरलेली हवा आधी काढून टाकतात आणि ती महिनोन्‌महिने परत शिरू नये, अशी पिशवी लागते. ती थरांची असते. बाहेर ओरखडे आणि ताण सोसणारा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा थर, मधे हवा अडवणारी ॲल्युमिनियमची पातळ पत्री, आत शाईशी न झगडणारे आणि उष्णतेने जुळणारे पॉलिथीन. कठीण प्लॅस्टिक उरते ते फक्त तोंडाशी. शाई ओढली जाते तशी पिशवी आपणच चपटी होते, शाईच्या जागी हवा आत घ्यावी लागत नाही. भरण्याआधी आणि रिकामी झाल्यावरही ती सपाट असते, त्यामुळे वाहतुकीत पोकळ डबे वाहून नेण्याची वेळ येत नाही.

भूमितीही तिच्या बाजूने आहे. भांड्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर पृष्ठभाग चौपट होतो आणि मावणारी शाई आठपट. म्हणून एक मोठी पिशवी पुष्कळ छोट्या डब्यांचे प्लॅस्टिक वाचवते. एप्सनने वर्कफोर्स प्रो मालिकेतल्या कार्यालयीन प्रिंटरमध्ये शाईचे असेच मोठे पॅक बसवले. त्यातल्या एका यंत्रावर शाई न बदलता ७५,००० पानांपर्यंत छापता येते, असे कंपनी सांगते. रोलँडने २०१६ साली आणलेल्या ट्रूव्हिस या फलक छापणाऱ्या यंत्रांत ५०० मिलीलिटरची पिशवी पुन्हा पुन्हा वापरायच्या ट्रेमध्ये बसते. एचपीच्या काही मोठ्या प्रिंटरमध्ये पिशवीला पुठ्ठ्याचे खोके असते.

इथपर्यंत हिशेब पिशवीच्या बाजूचा आहे. पण जे थर शाई जपतात तेच पुढे आड येतात. पॉलिएस्टर, ॲल्युमिनियम आणि पॉलिथीन एकमेकांना घट्ट चिकटलेले असल्याने ते वेगळे करणे अवघड आणि महाग पडते. एकाच जातीच्या प्लॅस्टिकची कवचे निदान वितळवून पुन्हा वापरता येतात. भारताच्या २०२२ च्या उत्पादक जबाबदारीच्या नियमांनीही हा फरक ओळखला आहे: कठीण वेष्टन, लवचीक प्लॅस्टिक आणि प्लॅस्टिकसोबत दुसरा पदार्थ असलेले बहुथरी वेष्टन यांचे वर्ग वेगळे आहेत आणि पुनर्चक्रणाची उद्दिष्टेही कठीण वेष्टनासाठी जास्त, बहुथरीसाठी कमी आहेत. सगळी पिशवी पॉलिथीनच्या कुळातली ठेवून हवा अडवायला ॲल्युमिनियमऐवजी अतिपातळ लेप द्यायचा, ही दिशा मला सर्वांत आशादायक वाटते.

दुसरी कसोटी शेवटच्या थेंबांची. कोपऱ्यांत आणि घडीत शाई अडकून राहिली तर वाचवलेल्या प्लॅस्टिकची किंमत वाया गेलेल्या शाईत चुकती होते. तोंड कुठे ठेवायचे, तळ कसा दुमडायचा, पिशवी उभी लावायची की आडवी, या बारीकसारीक निर्णयांत खरी कारागिरी आहे. शाईने माखलेली पिशवी दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली तर तेही बिघडते, म्हणून ती जितकी कोरडी रिकामी होईल तितकी पुढच्या माणसाची सोय.

आपल्या गावोगावच्या फ्लेक्स छापणाऱ्या दुकानांत शाई घाऊक येते आणि रिकामी भांडी मागच्या खोलीत साठतात. शाई पोचवणाऱ्या गाडीतूनच रिकाम्या पिशव्या परत जाव्यात, ही अट दुकानदाराने खरेदीच्या वेळी घालायला हरकत नाही. पिशवी सपाट असते. परतीच्या फेरीत ती फारशी जागा मागत नाही. चांगल्या रचनेने प्लॅस्टिक कमी केले आहे. उरलेले परत नेण्याची जबाबदारी शाई विकणाऱ्याने उचलली पाहिजे.