हंगामातले लग्न : थोडक्यात आणि वेळेत



तुळशीचे लग्न लागले की गावोगाव लग्नाच्या याद्या सुरू होतात. त्याच सुमारास कारखान्याचा पट्टा फिरू लागतो. नाताळाच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची नोकरदार मंडळी गावी येतात, म्हणून "तेवढ्यात उरकून घेऊ" असा विचार घरोघर होतो. विचार चांगला आहे. मात्र लग्न आणि ऊसतोड यांचा मेळ आधी घातला पाहिजे.

नाताळातले साधे लग्न आपल्याकडे नवे नाही. 25 डिसेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह लागला. भटजी नव्हते, डामडौल नव्हता. वधूवरांनी शपथ घेतली. पुढाकार सावित्रीबाई फुले यांचा होता आणि त्यांच्या शिक्षिकेच्या कामाचे धडे आपल्याच नगरात झाले होते. 2025 साली नगरमध्येच मराठा समाजाने डीजे नको, माणसे शे-दोनशेच, अशी आचारसंहिता मांडली.

आता हिशोब पाहू. ताटाला 200 रुपये धरले तर हजार पानांचे 2 लाख, दीडशे पानांचे 30 हजार. वाचले 1 लाख 70 हजार. टनाला 3,000 रुपये धरले तर हे 56 टनांहून जास्त उसाचे पैसे. एकरी 40 टनांच्या हिशोबाने जवळजवळ दीड एकर! एवढा ऊस एका दुपारच्या पंगतीत जातो.

म्हणून आम्ही सुचवितो :

1) तारीख धरण्याआधी गट ऑफिसात लागणीची नोंद पाहा. जुलै-ऑगस्टची आडसाली दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरपासून तोडीला येते. लग्नासाठी "आमचा आधी तोडा" म्हणून चिटबॉयच्या मागे लागू नये. कोवळा ऊस तोडला तर वजन घटते, उतारा घटतो आणि शेजाऱ्याची पाळी मागे पडते.

2) उसाचे पैसे हातात धरून खरेदी करू नका. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत रास्त दर द्यावा, असा 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण तोडच लांबली तर बस्ता उधारीवर जातो आणि मग सावकाराचे दार.

3) तोडीनंतरचे पंधरा दिवस खोडव्याचे. पाचट न पेटवता सरीत दाबणे, बुडखे जमिनीलगत छाटणे, पहारीने खताचा पहिला हप्ता देणे, ही कामे वऱ्हाडाच्या गडबडीत राहिली की पुढचे वर्ष रडते. लग्न या कामांच्या आधी तरी धरा, नाही तर नंतर.

4) मुहूर्त पाहणाऱ्यांनी पौष लक्षात ठेवावा, नाताळ पुष्कळदा त्यातच येतो. नोंदणी विवाह करायचा तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याने 30 दिवस आधी नोटीस व तीन साक्षीदार लागतात. 25 डिसेंबरला कचेरी बंद असते, हेही ध्यानात असू द्या.

5) जेवणावळ दुपारची ठेवा. रात्री थंडीने म्हातारी माणसे, लेकरे काकडतात, आणि उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेल्या रस्त्यावर अंधारात वऱ्हाड आणणे धोक्याचे.

"लोक काय म्हणतील?" असे पुष्कळजण विचारतात. लोक दोन दिवस बोलतात, कर्जाचे व्याज मात्र वर्षभर बोलते. शे-दीडशे जिवाभावाच्या माणसांत लागलेले लग्नही लग्नच. वाचलेल्या पैशातून लेकीच्या नावावर ठेव ठेवा, नाही तर ठिबक बसवा. दोन्ही पुढे कामी येतात.