रोहिणी : एका नावाचा गोतावळा

आमच्या वर्गाच्या हजेरीपटावर रोहिणी नावाच्या तीन मुली आहेत. नाव पुकारताना सरांना आडनाव जोडल्यावाचून गत्यंतर नसते. याखेरीज बलरामाची आई रोहिणी, श्रीकृष्णाचे जन्मनक्षत्र रोहिणी, श्रीहरिकोट्याहून उडालेला उपग्रह रोहिणी, मे महिन्याच्या अखेरीस शेतकऱ्याच्या तोंडी असलेली रोहिणी आणि शरीरशास्त्राच्या मराठी पुस्तकातील रक्तवाहिनी, तीही रोहिणीच! एवढी सारी मंडळी ज्या एका ताऱ्याभोवती जमली आहेत, तो तारा मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी ओळखून पाहिला असेल. कलाशाखेच्या अंकात खगोलशास्त्र कशाला, असे कोणी विचारील. पण नाव कसे पडते आणि कसे पसरते हा तर भाषेच्याच अभ्यासकाचा विषय आहे.

प्रथम ताऱ्याची ओळख करून घेऊ. वृषभ राशीतील सर्वांत तेजस्वी असा हा तांबूस तारा आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत त्याला अल्डेबरान म्हणतात. तो आपल्यापासून सुमारे ६५ प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश आपल्या आजोबांच्या तरुणपणी तेथून निघाला. त्याचा व्यास सूर्याच्या सुमारे ४४ पट आहे. वयाने उतरणीला लागलेला, फुगलेला आणि त्यामुळे पृष्ठभागी सूर्यापेक्षा थंड झालेला असा हा तारा असल्यामुळे तो तांबडा दिसतो.

या तांबडेपणातच नावाचे मूळ आहे. संस्कृतात रोहित म्हणजे तांबडा, आणि रोहिणी म्हणजे तांबडी. तांबड्या गाईलाही रोहिणी म्हणत. तेव्हा गोतावळ्याची वंशावळ लावताना एक काळजी घ्यावी लागते. रोहिणी म्हटलेली प्रत्येक वस्तू ताऱ्याची लेक नव्हे. काही नुसत्या चुलतबहिणी आहेत. रोहन वृक्षाला संस्कृतात मांसरोहिणी म्हणतात. मराठी वैद्यकीय परिभाषेत शुद्ध रक्त नेणारी ती रोहिणी आणि अशुद्ध रक्त परत आणणारी ती नीला, अशी तांबड्या-निळ्याची जोडी लावली आहे. यांचा आकाशाशी संबंध नाही. ताराही तांबडा, झाडही तांबडे, रक्तही तांबडे. शब्द एकच पुरला इतकेच.

खऱ्या अर्थाने ताऱ्याच्या म्हणाव्यात अशा गोष्टी कथांपासून सुरू होतात. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती आपल्याच कन्येच्या मागे मृगाचे रूप घेऊन धावतो आणि देवांच्या सांगण्यावरून रुद्र त्याच्यावर बाण सोडतो, अशी कथा आहे. ही कन्या म्हणजे रोहिणी, प्रजापती म्हणजे मृग नक्षत्र, मारणारा तो व्याध आणि मृगाच्या पोटातील तीन तारे हा बाण. हिवाळ्यात पूर्वेकडे तोंड करून बसले की ही कथा क्रमाने वर येते : आधी रोहिणी, तिच्या मागे मृग आणि त्याच्या मागे व्याध. गंमत पाहा, अल्डेबरान या अरबी नावाचा अर्थ 'मागून येणारा' असा आहे, कारण तो कृत्तिकांच्या मागोमाग उगवतो. आपल्याकडे रोहिणी पुढे पळणारी, अरबांकडे मागून येणारी. आकाश एकच, पाहणाऱ्याने कोणत्या बाजूचा शेजारी धरला, एवढाच फरक.

दुसरी कथा चंद्राची. सत्तावीस नक्षत्रे या त्याच्या बायका, पण त्याचे मन रोहिणीवरच. म्हणून सासऱ्याचा शाप आणि क्षय. तैत्तिरीय संहितेतही ही कथा आहे, मात्र तेथे मुली तेहतीस आहेत. ही कथा मला केवळ कल्पनाविलास वाटत नाही. चंद्र आपल्या वाटेवर काही वर्षे दर महिन्याला रोहिणीला अक्षरशः झाकून टाकतो, आणि मग बरीच वर्षे तिच्या बाजूने निघून जातो. चंद्राची कक्षा सुमारे १८.६ वर्षांत डोलून पूर्ववत होते, म्हणून हा क्रम पुन्हा पुन्हा येतो. २०१५ ते २०१८ या काळात अशी पिधाने झाली, आणि पुढची मालिका २०३३ साली सुरू होईल. मघा, चित्रा, ज्येष्ठा यांनाही चंद्र झाकतो हे खरे. पण या चौघींत अधिक तेजस्वी रोहिणीच.

या पिधानाने विज्ञानाच्या इतिहासातही आपला वाटा उचलला आहे. इ. स. ५०९ च्या मार्चमध्ये अथेन्स येथे चंद्राने रोहिणीला झाकल्याची नोंद झाली होती. १७१८ साली एडमंड हॅले याने तारे स्थिर नसून स्वतःच्या गतीने सरकतात असे प्रथम मांडले, तेव्हा रोहिणी, व्याध आणि स्वाती या तिघांची जुनी स्थाने तपासताना त्याने ही नोंदही पुराव्यात धरली. ज्याच्या नावाने धूमकेतू ओळखला जातो तोच हा हॅले. आमच्या पुराणांतील नवराबायको त्याच्या कामी अशी आली!

रोहिणीभोवतीचे तारे मिळून इंग्रजी व्ही अक्षराची आकृती होते, तिला आपल्याकडे शकट म्हणजे गाडा म्हणतात. एखादा ग्रह या गाड्यातून गेला तर 'शकटभेद', आणि तो भयंकर अशुभ. शनी हा भेद करणार म्हणून दशरथ रथात बसून त्याला अडवावयास गेला, अशी पुराणकथा आहे. सूर्यसिद्धान्तानुसार शकटभेदाला त्या जागी ग्रह दोन अंशांहून अधिक दक्षिणेला असावा लागतो. आजच्या काळी शनी तेथे तेवढा दक्षिणेला जातच नाही, तेव्हा दशरथाला निश्चिंत राहावयास हरकत नाही.

आता शेतकऱ्याची रोहिणी. मला स्वतःला याच रोहिणीने या विषयाकडे ओढले. आमच्या कोकणातील घरी रोहिणी लागली की तरव्यासाठी भात पेरावयाची घाई सुरू होते; पाऊस आलेला नसला तरी कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी होते. लहानपणी मी आजोबांना विचारले होते, "आजोबा, रोहिणी दिसते कुठे?" त्यांनी हातातले काम न थांबवता सांगितले, "अरे, रोहिणी लागते. दिसत नाही."

हे उत्तर किती नेमके होते ते मला बऱ्याच वर्षांनी समजले. पंचांगात २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागते याचा अर्थ सूर्य आकाशाच्या त्या भागात शिरतो. सूर्यच तेथे असल्यावर तारा दिसणार कसा? दिवसा तो उजेडात बुडालेला आणि रात्री सूर्याबरोबरच मावळलेला. म्हणजे रोहिणीचा पाऊस पडतो तेव्हा रोहिणी आकाशात दिसत नाही, आणि रोहिणी रात्रभर तळपते त्या डिसेंबरात पावसाचे नाव नसते. ज्या नक्षत्रावर घरादाराच्या पोटाचा हिशेब, त्याच्याशी नजरानजर अशी होत नाही.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पंचांगातील नक्षत्रे ताऱ्यांना बांधलेली, ऋतू मात्र सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाला बांधलेले. आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलत असल्यामुळे ही दोन्ही हळूहळू एकमेकांपासून सुटत जातात. हा फरक सुमारे ७२ वर्षांत एक दिवस इतका पडतो. आजोबांच्या आणि माझ्या हयातीत तो जाणवावयाचा नाही. पण वराहमिहिराच्या काळी, सहाव्या शतकात, रोहिणी आजच्या हिशेबाने मेच्या पहिल्या आठवड्यातच लागत होती. बृहत्संहितेत त्याने रोहिणीयोगावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, पण ते आषाढातील चंद्र आणि रोहिणी यांच्या योगावरून पाऊस ओळखण्याचे आहे. आपल्या शेतकऱ्याची सूर्याची रोहिणी ती ही नव्हे. नाव एकच असल्यामुळे दोन्हींची सरमिसळ करून 'हजारो वर्षांचा अनुभव' असे आपण सहज म्हणून जातो. रोहिणीला पेरावे, मृगाला पावसाची वाट पाहावी, हे आडाखे अनुभवाचे आहेत यात शंका नाही. पण आज आहेत त्या रूपात ते फार तर काही शतकांचे असणार. आणखी हजार वर्षांनी रोहिणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागेल. तोवर पेरणीचे वेळापत्रक नक्षत्रावरच टांगून ठेवले तर बियाणे उशिरा पडेल. आज जो मान मृगाचा आहे तो तेव्हा रोहिणीकडे येईल.

ग्रीकांनीही रोहिणीजवळच्या याच तारकासमूहाला पाऊस पाडणाऱ्या बहिणी मानले होते. त्यांच्याकडे हे तारे नोव्हेंबरात पहाटे मावळू लागले की पावसाळी दिवस येत. तारे तेच, पाऊस निराळा, आणि महिनाही निराळा.

अग्निबाणांच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. १९६७ च्या नोव्हेंबरात केरळातील थुंबा येथून रोहिणी आरएच-७५ हा भारतीय बनावटीचा छोटा अग्निबाण उडाला; ७५ हा त्याचा मिलिमीटरमधील व्यास. पुढे १० ऑगस्ट १९७९ चा एसएलव्ही-३ चा पहिला प्रयत्न फसला, आणि १८ जुलै १९८० रोजी सुमारे ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. आपल्याच अग्निबाणाने आपलाच उपग्रह, असे प्रथमच घडले. ३१ मे १९८१ रोजी दुसरा रोहिणी गेला, पण कक्षा खालची मिळाल्यामुळे नऊ दिवसांतच पडला. त्या दिवशी पंचांगात रोहिणी नक्षत्रच चालू होते! १९८३ च्या एप्रिलमधील रोहिणीने मात्र आपल्या कॅमेऱ्याने पृथ्वीची छायाचित्रे पाठवली.

याच्या उलट, रोहिणीचे नाव न घेता तिच्याकडेच निघालेला एक प्रवासी आहे. अमेरिकेने १९७२ च्या मार्चमध्ये सोडलेल्या पायोनियर-१० यानाचा शेवटचा क्षीण संदेश जानेवारी २००३ मध्ये आला. ते आता मुकेपणी साधारण रोहिणीच्या दिशेने चालले आहे, आणि तेवढे अंतर काटावयास त्याला सुमारे वीस लाख वर्षे लागतील.

आपल्याला मात्र वसतिगृहाच्या गच्चीपर्यंतच जावयाचे आहे. डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे पाहावे. मृगाच्या पोटातील ओळीने असलेले तीन तारे चटकन सापडतात. त्यांची रेघ खाली वाढवली की व्याध लागतो, पांढरा आणि डोळे दिपवणारा. तीच रेघ वर वाढवली की एक तांबूस, स्थिर ठिपका येतो. त्याच्याही वर कृत्तिकांचा पुंजका दिसला, तर मधली ती रोहिणी.