मण्यांवर मोजलेला श्वास

तान्ह्या बाळाला साधी सर्दी झाली आहे की न्यूमोनिया, हे त्याच्या श्वासावरून ओळखता येतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त भरले, तर धोका. पण गडचिरोलीच्या खेड्यांतल्या अनेक दायांना साठपर्यंत मोजताच येत नव्हतं. मग काय करायचं?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने मोजायचं साधनच बदललं. एका लाकडी पट्टीवर मणी आणि मिनिटभर चालणारं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सहावा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. निरक्षर दाईच्या हाती निदान आलं ते असं.

1986 साली सुरू झालेल्या या संस्थेचं मोठं काम यानंतरचं. 39 गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडून त्यांना आरोग्यदूत केलं. बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळाचं वजन घ्यायचं, ताप बघायचा. रडणं क्षीण झालं का, दूध ओढणं कमी झालं का, बाळ गुंगीत आहे का, हे विचारायचं. अशा खुणांवरून जंतुसंसर्ग ओळखून त्या घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत. नवजात बाळाला सुई टोचायची, तीही डॉक्टर नसलेल्या बाईनं! पण आकडे बोलले: या गावांतला नवजात मृत्युदर हजारी 62 वरून काही वर्षांत 25 च्या आसपास आला. डिसेंबर 1999 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

या सगळ्यात मोलाची वाटते ती माहितीची वाट. खुणा आरोग्यदूत टिपत होती आणि निर्णयही तिथेच, खाटेशेजारी होत होता. ज्या आईचं बाळ, तिलाही त्या खुणा समजावल्या जात होत्या. एरवी गावातली नोंद तालुक्याला, जिल्ह्याला, मुंबईला जाते, आणि जिच्या घरातून ती निघाली त्या घराला काहीच कळत नाही.

याच धर्तीवरच्या सरकारी योजनेत 2011 पासून देशभरातल्या ‘आशा’ ताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, नवजात बाळांच्या घरी जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. योजना सुरू झाली तेव्हा या सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्यावर एका बाळामागे त्यांना 250 रुपये ठरवले होते.